भिंतीवरची पेन्सिलीची खूण

भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभं राहायचं. ज्या बाजूचं ऑपरेशन झालं आहे, त्या हाताची बोटं भिंतीला टेकवायची आणि कोळी चढतो तशी एकेक पाऊल टाकत वर न्यायची. काखेत ओढ बसली की थांबायचं, दहा आकडे मोजायचे आणि बोटं पोचली तिथे पेन्सिलीने बारीक खूण करायची. उद्या खुणेच्या वर जाता आलं तर छान, नाही आलं तरी खूण आहेच. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या बायकांना जगभर शिकवला जाणारा हा व्यायाम आहे. त्याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही आणि फीही पडत नाही.

व्यायाम सगळ्यांना एकच, पण खूण जिची तिची. आज कुठवर जायचं, उद्या किती वाढवायचं, कोणत्या दिवशी हात खालीच ठेवायचा, हा हिशेब दोन बायकांचा सारखा निघत नाही. तो रोज, घरोघरी, मोबाइलचा कॅमेरा आणि गणित यांच्या मदतीने करता येईल का, यावर जगात ठिकठिकाणी काम चाललं आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्याचं भारदस्त नाव. त्यातलं नवल कळायचं असेल, तर आधी खांदा समजून घ्यावा लागतो.

खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. सरळ खाली लोंबणारा हात समोरून कानाशी नेला की १८० अंशांचा अर्धा फेरा पुरा होतो. या सैलपणाची किंमत अशी की आजूबाजूचं काहीही आखडलं, तरी पहिला फटका त्यालाच बसतो. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका ग्रंथीही अनेकदा काढाव्या लागतात, कारण पसरणारा कॅन्सर बहुतेक वेळा आधी तिथे पोचतो. जखम भरताना आतले थर एकमेकांना चिकटतात, छातीचा मोठा स्नायू आखूड होतो. काही जणींच्या काखेतून कोपराकडे, क्वचित मनगटापर्यंत, त्वचेखाली ताणलेल्या सुतळीसारख्या दोऱ्या दिसू लागतात आणि हात उचलला की त्या खेचल्या जातात. बरगड्यांवरून उतरणाऱ्या एका लांब मज्जातंतूला इजा झाली, तर पाठीवरचं खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर येतं. रेडिएशनचा परिणाम तर उपचार संपल्यावरही कित्येक महिने चालू राहतो आणि त्वचेखालचा भाग हळूहळू घट्ट होत जातो.

त्यात भर हाताच्या सुजेची. ग्रंथी गेल्या की लसिकेची परतीची वाट अरुंद होते आणि हातात पाणी साठू लागतं. २०१३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त अनेक अभ्यासांचं एक संकलन प्रसिद्ध झालं. काखेतल्या ग्रंथी मोठ्या प्रमाणावर काढलेल्या बायकांत सुमारे २० टक्के जणींना ही सूज आली होती. तपासणीपुरत्या पहिल्या काही ग्रंथीच काढलेल्यांत हे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास होतं. ऑपरेशनच्या कागदावर कोणता प्रकार लिहिला आहे, यावरच व्यायामाचा हिशेब बदलायला लागतो तो असा.

भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण निघाले असतील, असा ‘ग्लोबोकॅन’चा अंदाज आहे. यातल्या बहुतेक जणींना उपचारानंतर घर आहे, चूल आहे आणि पुष्कळांना कामावरही जायचं आहे.

त्यांच्या हाताचा विचार मात्र वैद्यकाने उशिरा केला. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या ऑपरेशनमध्ये स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत. ती पद्धत पाऊणशे वर्षं टिकली. १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर यांनी, स्वतःचं असं ऑपरेशन झाल्यावर, दवाखान्यात जाऊन इतर बायकांना भेटायला सुरुवात केली. त्यांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्या सोबत नेत त्या वस्तू अगदी साध्या होत्या: दाबायला एक रबरी चेंडू आणि दारावरून टाकून हात वर ओढायला एक दोरी. तरीही पुढची कित्येक दशकं वैद्यकीय सल्ला भित्राच राहिला. त्या हाताने पाच पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वादोन किलोंपेक्षा जास्त काही उचलू नका, असं सांगितलं जाई. भरलेला हंडा सहज दहा-पंधरा किलोंचा होतो. हा सल्ला देणाऱ्याने घरात पाणी भरलं नसावं, एवढंच म्हणता येईल.

तो समज मोडला पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या कॅथरिन श्मिट्झ यांनी. हात आधीच सुजलेल्या १४१ बायका त्यांनी निवडल्या. त्यांतल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, वाढ मुंगीच्या पावलांनी, आणि सूज किंवा दुखणं जाणवलं की मागे. वर्षभराने पाहिलं, तर वजनं उचलणाऱ्यांत सूज भडकण्याचं प्रमाण १४ टक्के होतं, न उचलणाऱ्यांत २९ टक्के. हा निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पुढे ब्रिटनमधल्या १७ केंद्रांत, खांदा आखडण्याचा धोका जास्त असलेल्या ३९२ बायकांवर ‘प्रॉस्पर’ नावाची चाचणी झाली. ऑपरेशननंतर आठवडा-दहा दिवसांत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू केलेल्यांचा हात वर्षभराने अधिक चांगला चालत होता. तो निकाल २०२१चा. दोन्ही चाचण्यांत व्यायामाची मात्रा प्रत्येकीला झेपेल तशी कमीजास्त केली होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे हे काम परळला झालं. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ला सुरू झालं, आणि आज ठाणे जिल्ह्यात कुणाला कॅन्सर निघाला की ‘टाटाला नेलं का?’ हाच पहिला प्रश्न असतो. या रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना योग शिकवून त्याची रीतसर चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून ८५० बायकांची विभागणी केली: एका गटाला योग, दुसऱ्याला नेहमीचा व्यायाम. डॉ. नीता नायर यांनी डिसेंबर २०२०मध्ये सॅन अँटोनियो इथल्या जागतिक परिषदेत त्याचे निष्कर्ष मांडले. रोग परत न येता जगण्याच्या प्रमाणात १५ टक्के आणि एकूण जगण्याच्या प्रमाणात १४ टक्के सापेक्ष सुधारणा दिसली, असं रुग्णालयाने जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी मथळे केले ते याच आकड्यांचे. मला जास्त मोल वाटतं ते त्या योगक्रमाच्या आखणीचं. तो ठरवताना योगशिक्षक आणि डॉक्टरांबरोबर फिजिओथेरपिस्ट होते आणि स्वतः रुग्ण बायकाही होत्या. उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर काय झेपेल हे पाहून आसनं निवडली, मधे मधे विश्रांती ठेवली, आणि वर्गानंतर घरी सराव चालू राहावा म्हणून हातात छापील पत्रकं आणि सीडी दिल्या.

ती सीडी सगळ्यांना सारखीच होती. ती बोलत होती, पण पाहत नव्हती. समोरच्या बाईचा हात आज खुणेपर्यंत गेला की चार बोटं खालीच राहिला, हे सीडीला कसं कळणार?

माणसागणिक व्यायाम बदलायचा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि इथलेच झाले. दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड आणि खुर्च्या वापरून त्यांनी एकच आसन आखडलेल्या, म्हाताऱ्या, आजारी अशा प्रत्येक शरीराच्या मापाचं करून दाखवलं. त्यासाठी त्यांची नजर समोर हजर असावी लागे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. अशी नजर दुर्मीळ असते आणि ती एका वेळी एकाच खोलीत असते.

मोबाइलची नजर कशी तयार झाली ते आता पाहू. २०१७च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातून माणसाचे सांधे ओळखणारी ‘ओपनपोझ’ ही प्रणाली खुली केली. २०२०मध्ये गूगलने ‘ब्लेझपोझ’ आणली. ती शरीरावरचे ३३ बिंदू शोधते आणि साध्या मोबाइलवर, चित्र बाहेर कुठेही न पाठवता, चालू शकते. कमरेचा बिंदू, खांद्याचा बिंदू आणि कोपराचा बिंदू जोडले की खांद्याशी एक कोन तयार होतो. शाळेतल्या कोनमापकाने मोजावा तसाच. फरक इतकाच की हा कोनमापक सेकंदाला कित्येक वेळा फिरतो. हात किती अंशांवर गेला, तिथे किती वेळ टिकला, खाली येताना थरथरला का, सातव्या खेपेला वेग मंदावला का, हे सगळं आकड्यांत उतरतं.

याहून मोठं नवल म्हणजे या कोनमापकाला चोरी पकडता येते. खांदा आखडलेला असला की बाई नकळत कंबरेत दुसऱ्या बाजूला झुकते किंवा खांदा कानाकडे उचलते आणि हात वर गेल्यासारखा वाटतो. भिंतीवरची पेन्सिल इथे फसते. अनुभवी फिजिओथेरपिस्ट फसत नाही, कारण ती हाताकडे न पाहता कमरेकडे पाहत असते. ३३ बिंदूंमध्ये कंबरही येत असल्यामुळे गणिताला ही युक्ती शिकवता येते. पण एकाच कॅमेऱ्याला खोलीचा अंदाज कच्चा असतो, आणि सैल पदर, ओढणी किंवा बुरखा यांखाली सांधा नेमका कुठे आहे हे ओळखताना त्याची चूक वाढते. ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात ही अडचण किरकोळ म्हणून सोडून देता येणार नाही.

पाहणं झालं, पुढे ठरवणं. समजा, तिथल्या यंत्रमागांसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका बाईचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत आणि किमो चालू आहे. किमोनंतरचे काही दिवस अंगात त्राण नसतं, मग हळूहळू उभारी येते, आणि तेवढ्यात पुढची पाळी येते. काही औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात, मग वजन हातातून निसटण्याची भीती. पुढे हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या की सांधे धरतात. त्यावरही व्यायाम चालतो: येल विद्यापीठात १२१ बायकांवर झालेल्या चाचणीत वर्षभराच्या व्यायामाने सर्वांत तीव्र सांधेदुखी २९ टक्क्यांनी उतरली होती. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या संस्थेने २०१९ साली सर्वसाधारण मात्रा सांगितली: आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यासारखा दमाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. या बाईला ती मात्रा कोणत्या आठवड्यात किती द्यायची? फार कमी दिली तर खांदा गोठतो, एकदम वाढवली तर ती दुसऱ्या दिवशी उठतच नाही आणि व्यायाम कायमचा सुटतो.

यासाठी वापरलं जाणारं एक गणित १९३३ सालचं आहे आणि त्याचा उगम वैद्यकातच आहे. येल विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागातल्या विल्यम थॉम्पसन यांना प्रश्न पडला होता: दोन उपचारांपैकी चांगला कोणता हे अजून ठाऊक नसताना, पुढच्या रुग्णाला काय द्यावं? त्यांचं उत्तर थोडक्यात असं: आतापर्यंतच्या अनुभवातून जो उपचार बरा असण्याची शक्यता जितकी, तितक्या प्रमाणात तो द्या, आणि प्रत्येक निकालानंतर शक्यता पुन्हा मोजा. आपण नव्या गावात भाजी घेतो तेही असंच. चांगल्या निघालेल्या भाजीवाल्याकडे पावलं जास्त वळतात, पण अधूनमधून दुसऱ्याकडेही बघतो. व्यायामाच्या बाबतीत ‘उपचार’ म्हणजे आजची मात्रा: आठ खेपा की बारा, सकाळी की दुपारी, दोरी की भिंत. निकाल म्हणजे तिने व्यायाम केला का, दुखणं दहापैकी किती, झोप लागली का. काही आठवड्यांत त्या एका बाईचा नमुना उमटू लागतो.

अशा गणिताचा मोठा प्रयोग आपल्या दारात झालेला आहे, फक्त तो गरोदर बायकांसाठी होता. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली मुंबईत सुरू केलेली ‘अरमान’ संस्था ‘एममित्र’ या उपक्रमात गरोदर आणि बाळंतिणींना दर आठवड्याला फोनवर त्यांच्या भाषेत ध्वनिमुद्रित सल्ला पाठवते. बऱ्याच जणी मधेच ऐकणं सोडतात. प्रत्येकीला माणसाने फोन करणं परवडत नाही. मग या आठवड्यात कुणाला फोन केला तर ती टिकेल, हे ठरवण्यासाठी संगणकतज्ज्ञ मिलिंद तांबे यांच्या गटाने थॉम्पसन यांच्या प्रश्नाच्याच घराण्यातलं गणित लावलं. २३,००३ बायकांवरच्या अभ्यासात ऐकणं सोडण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. यंत्राने इथे कुणाला उपदेश केला नाही, माणसाचा तुटपुंजा वेळ कुठे खर्चावा ते सुचवलं. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या व्यायामात सर्वांत उपयोगाचं ठरेल ते हेच, असं माझं मत आहे. फिजिओथेरपिस्टच्या यादीत दोनशे बायका असतील, तर आज कोणत्या पाच जणींचा कोन उतरणीला लागला आहे ते सकाळीच कळलं पाहिजे.

भिवंडीला हे गणित परकं वाटू नये. महामार्गालगतच्या गोदामांत कोणतं पार्सल आधी उचलायचं, ते आज संगणकच सांगतो. खोक्यांच्या वाट्याला जो हिशेब आला, तो बायकांच्या खांद्याच्या वाट्याला अजून यायचा आहे.

आणि मागाचीही एक शिकवण आहे. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबावा, अशी सोय जुन्या यंत्रमागांतही असते. एक बारीक काटा धागा चाचपत असतो, धागा लागला नाही की खटका पडतो. ती नसती तर विणकराला कळेपर्यंत वारभर कापड वाया गेलं असतं. व्यायाम ठरवणाऱ्या यंत्रालाही असा खटका हवा. ताप, हात अचानक सुजणं, लाल आणि गरम होणं, जखमेतून स्राव, धाप, छातीत दुखणं यांपैकी काहीही दिसलं की मात्रा कमी करण्याच्या भानगडीत न पडता व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. डॉक्टरांनी घातलेल्या कुंपणाच्या आतच गणिताने फिरावं. जखमेतली नळी अजून निघालेली नसेल तर हात साधारणपणे खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ देत नाहीत. प्रश्न विचारला की सेकंदात गोड भाषेत वेळापत्रक लिहून देणाऱ्या संभाषण-यंत्रांचा धोका इथेच आहे. नळी निघाली का, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि बऱ्याचदा ती विचारतही नाहीत.

२०११च्या जनगणनेत ७ लाख ९ हजारांहून अधिक वस्ती असलेल्या भिवंडीतून परळला जायचं, तर आधी ठाणे किंवा कल्याण गाठायचं आणि मग लोकल धरायची. भिवंडी रोड स्टेशन आहे, पण ते दिवा-वसई मार्गावर. वीस मिनिटांच्या फिजिओथेरपीसाठी अख्खा दिवस आणि एक खाडा, तोही सोबत येणाऱ्याचा धरून दोन. म्हणून घरातल्या घरात पाहणारी नजर इथे चैन ठरत नाही. पण तिला मराठी कळायला हवी, तशीच उर्दू, हिंदी आणि पद्मशाली घरांतली तेलुगूही. वाचता न येणाऱ्या बाईला ती ऐकू यायला हवी, शेजारी माग धडधडत असतानाही. एकाच मोबाइलवर नवरा, मुलगा आणि ती अशी तिघं असतील, तर ऑपरेशन झालेल्या छातीचं चित्र कुठेही साठता कामा नये. आकडे आणि काड्यांची बाहुली उरली तरी पुरे.

मोजायचं काय, हाही प्रश्न आहेच. हाताच्या कामाची क्षमता तपासण्यासाठी जगभर वापरली जाणारी तीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तीत गोल्फ आणि टेनिसची उदाहरणं येतात. भिवंडीत विचारायचं झालं तर असं विचारावं: पाठीमागचा हुक लावता येतो का? अंबाडा बांधता येतो का? फळीवरचा डबा काढता येतो का? कांड्यांची टोपली उचलता येते का? नमाजाला हात उचलता येतात का? अंश मोजणाऱ्या यंत्राला ही उत्तरं शिकवली, तरच त्याचा हिशेब तिच्या दिवसाला जुळेल.

यंत्राबद्दल आज प्रामाणिकपणे सांगायचं तर इतकं: व्यायामाचा पुरावा भक्कम आहे, यंत्राचा अजून कोवळा. तोवर थांबून राहायचं कारण नाही. तुमच्या घरी कुणाचं स्तनाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आदल्या दिवशीच शिवणकामाची टेप घ्या. दोन्ही हातांचा घेर मनगटाशी, कोपराच्या वर आणि खाली ठरावीक अंतरावर मोजून वहीत तारखेसह लिहा. घरी सोडताना फिजिओथेरपिस्टला भेटल्याशिवाय निघू नका. कोणता व्यायाम, किती खेपा आणि कधी थांबायचं, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. मग दर महिन्याला त्याच जागी टेप लावा. आधीच्या मापाशी ताडून दोन सेंटिमीटरचा फरक दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना हात दाखवा.